‘केस’ची गोष्ट

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही चार-पाच जणी मिळून बायकांसाठी सल्ला केंद्र चालवतो. केंद्र म्हणजे काय, तर एक खोली, दोन टेबलं, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे जास्त गर्दी. कारण बाजाराच्या निमित्ताने बाईला घराबाहेर पडता येतं, कुणी ‘कुठे निघालीस?’ विचारत नाही. अशाच एका बाजाराच्या दिवशी एक तिशीची बाई आली. हातातल्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. डोक्यावरून पदर आणि डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती काही बोलणार तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. केंद्रातल्याच मैत्रिणीचा फोन. मी घाईघाईत म्हटलं, “अगं, नंतर बोलते, एक केस आली आहे.”

फोन ठेवून वळते तर बाई उठून उभी!

“ताई, मला केस नाही करायची. मी आपली नुसती बोलायला आले होते.”

“अहो, बसा तरी...” मी म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरलीसुद्धा. ग्लासातलं पाणी तसंच होतं.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. मी कुठे तिला कोर्टात जा म्हणत होते? आम्हा समाजकार्य करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द इतका बसलाय की, येणारी प्रत्येक बाई म्हणजे ‘केस’. ‘आज तीन केसेस आल्या’, ‘ती नेहमीची केस’, ‘फार अवघड केस आहे गं.’ आणि तिच्या कानाला ‘केस’ म्हणजे वकील, पोलीस, नवऱ्याला बेड्या आणि आपल्याला माहेरीही थारा नाही. शब्द एकच. मी एक बोलले, तिने दुसरंच ऐकलं.

रात्री भांडी आवरताना हे सगळं माझ्या भाचीला सांगत होते. ती त्या वर्षी बारावीला, शिकायला आमच्याकडेच होती. तिने तिचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश ओट्याशी आणला. “मावशी, हे बघ ना, केस हा शब्द दोनदा छापलाय. एकाच्या डोक्यावर बारीक एकचा आकडा, दुसऱ्याच्या डोक्यावर दोनचा.” मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन, इंग्रजी फक्त पास होण्यापुरतं. तरी एवढं कळत होतं की, एकाच शब्दाला फांद्या फुटाव्यात तसे अर्थ फुटले असतील तर कोशवाले ते एकाच ठिकाणी देतात. पण दोन मुळात वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले असतील, तर त्यांना वेगळी घरं देतात. आपल्याकडे नाही का, ‘वर’ म्हणजे लग्नातला नवरामुलगा आणि ‘वर’ म्हणजे माळ्यावर? पहिला संस्कृतातला ‘वर’, दुसरा ‘उपरि’पासून झिजत आलेला. दिसायला जुळे, पण नातं काही नाही. (लग्नानंतर पहिला दुसऱ्यावर चढून बसतो, ते वेगळं!)

तर इंग्रजीतला एक ‘केस’ म्हणजे पेटी, खोका, आवरण. सूटकेस, ब्रीफकेस, दुकानातली शोकेस, उशीचा अभ्रा म्हणजे पिलोकेस. हा आला लॅटिनमधल्या ‘काप्सा’ या शब्दावरून. काप्सा म्हणजे पेटी. त्याच्या मागे ‘कापेरे’ हे क्रियापद आहे, अर्थ घेणे, धरणे. जुन्या रोममध्ये पुस्तकं पानांची नसायची, गुंडाळ्या असायच्या, आणि त्या गुंडाळ्या उभ्या ठेवायला गोल डबा असायचा, तो काप्सा. तिथून फ्रेंचमध्ये आणि १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजीत.

या डब्याचा गोतावळा बघाल तर थक्क व्हाल. डॉक्टर देतात ती कॅप्सूल, म्हणजे छोटीशी डबी. आपण भावगीतं ऐकायचो ती कॅसेट, तीही छोटी डबीच. ट्रकच्या सांगाड्याला गॅरेजवाले ‘चासी’ म्हणतात ना, तो फ्रेंच शब्दही याच घरातला. आणि कॅश! कॅश म्हणजे आधी पैसे नव्हतेच, पैशांची पेटी. पुढे पेटीचं नाव आतल्या पैशाला चिकटलं. आपल्याकडे वाण्याचा गल्ला असतो तसंच. ‘आज किती गल्ला जमला?’ म्हणतो तेव्हा आपण लाकडी खोक्याबद्दल थोडंच विचारतो?

या ‘कॅश’चीही एक जुळी बहीण आहे, आणि ती चक्क आपल्या देशातली. तमिळमध्ये ‘कासु’ म्हणजे नाणं. पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या ‘काइशा’सारखा, म्हणजे पेटीसारखा, करून टाकला आणि इंग्रजांनी त्याचाही ‘कॅश’ केला. मद्रासकडे १८१८ पर्यंत जुनं चलन चालायचं, त्यातल्या सर्वांत लहान तांब्याच्या नाण्याचं नाव कॅश. असे ८० कॅश म्हणजे एक फनम. म्हणजे नाण्यांची कॅश वेगळी आणि गल्ल्यातली कॅश वेगळी, दोन्हींचा अर्थ पैसाच, तरीही मुळात दोघींचा काही संबंध नाही! दक्षिणेकडच्या नवऱ्यांच्या गळ्यात सोन्याच्या नाण्यांची ‘कासु मालै’ असते, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखी. ती दिसली की मला आता हे आठवतं. ‘नवऱ्या’ म्हणजे लग्नातल्या नवऱ्यामुली हं, नाहीतर पुन्हा घोटाळा!

माझे सासरे छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे खिळे जुळवायचे. भाचीने विचारलं, “आजोबा, कॉम्प्युटरवर अपर केस, लोअर केस म्हणतात, त्यातली केस कुठली?” तर सासरे एकदम खुलले. म्हणाले, “अगं, तीच, पेटी! खिळ्यांच्या लाकडी पेट्या असायच्या, बारीक बारीक खणांच्या. इंग्रजी काम असलं की दोन पेट्या उतरत्या लावायच्या. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्यात बारकी. वरची केस, खालची केस.” छापखाने गेले, पेट्या भंगारात गेल्या, पण पासवर्ड टाकताना अजूनही आपल्याला ‘एक तरी अक्षर अपर केस पाहिजे’ म्हणून सांगतात. मराठीच्या पेट्यांचं त्यांनी जे वर्णन केलं, ते ऐकून तर मला घाम फुटला. जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, उकार, सगळ्यांना वेगळे खण. डोळे मिटून हात बरोबर खणात जायचा म्हणे. आमच्या सासूबाईंचा हात मिसळणाच्या डब्यात जातो तसा.

आता दुसरा केस. कोर्टातला, दवाखान्यातला आणि आमच्या केंद्रातला. याचं मूळ लॅटिनमधलं ‘कासुस’, आणि कासुस म्हणजे पडणं! त्यामागचं क्रियापद ‘काडेरे’, पडणे. जे येऊन पडलं, ओढवलं, वाट्याला आलं, ती केस.

हे वाचलं आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन तशीच बसले. कारण ही काही परक्यांची कल्पना वाटेना. आपणही असंच बोलतो. ‘प्रसंग पडला’, ‘गाठ पडली’, ‘महागात पडलं’. सारीपाटात ‘दान पडतं’, आणि आयुष्यातही दान उलटंच पडतं. इंग्रजीतला चान्स हा शब्दही याच ‘काडेरे’तून आलाय. त्याच्या फ्रेंच मुळाचा एक अर्थ फाशांचं पडणं असाच होता. अ‍ॅक्सिडेंट त्यातलाच. मोठ्या दवाखान्यातली कॅज्युअल्टी त्यातलीच आणि आमच्या ह्यांची कॅज्युअल लीव्हही त्यातलीच. अचानक काही उपटलं तर घ्यायची रजा.

आणि आपल्याकडे या पडण्यावरची सर्वांत मोठी म्हण कुठली? पदरी पडलं, पवित्र झालं. मुलीला सासरी पाठवताना आया-मावश्या ही म्हण इतक्या मायेने ऐकवतात की, तिचा अर्थ कुणी तपासत नाही. पदरात काय पडलंय ते बघायचंच नाही, थेट पवित्र! लॅटिनवाल्यांनी पडलेल्या गोष्टीला पवित्र म्हटलं नाही, अपवित्रही म्हटलं नाही. नुसतं ‘पडलं’ म्हटलं आणि मग काय पडलं, कसं पडलं याची चौकशी सुरू केली. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ बघून मला कॉलेजचे दिवस आठवले. व्याकरणातली विभक्ती! तिलाही इंग्रजीत केसच म्हणतात. ग्रीक व्याकरणकारांना वाटायचं की, नाम आपलं मूळचं सरळ उभं असतं आणि वाक्यात दुसऱ्यांशी संबंध आला की ते कलतं, पडतं. त्यांनी त्याला ‘पडणं’च म्हटलं, आणि रोमनांनी त्याचं शब्दशः ‘कासुस’ केलं. आपल्या व्याकरणकारांनी मात्र निराळीच कल्पना केली. विभक्ती म्हणजे विभागणी, वाटणी. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकताना आपल्याला कुठे माहीत होतं की, विभक्ती आणि विभक्त कुटुंब हे एकाच धातूचे शब्द आहेत? आमच्या केंद्रात ‘विभक्त रेशनकार्ड कसं काढायचं’ हे विचारायला महिन्याला दोघी-तिघी येतात. तेव्हा मला उगाच वर्गातला फळा आठवतो.

पण बाईला ‘केस’ म्हणायची सवय आम्हाला लागली कुठून? ही सवय दवाखान्यातून आली असावी, असं मला वाटतं. सरकारी दवाखान्यात खिडकीवर नंबर लावला की पहिल्यांदा काय काढतात? केस पेपर. डॉक्टरांपुढे माणूस नाही, माणसावर काय येऊन पडलंय ते असतं: तापाची केस, बाळंतपणाची केस, साप चावल्याची केस. समाजकार्यवाल्यांनीही हाच शब्द घेतला. अमेरिकेत मेरी रिचमंड नावाच्या बाईंनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि १९२२ साली ‘व्हॉट इज सोशल केस वर्क?’. पुस्तकाचं नाव बघा, डायग्नोसिस, म्हणजे रोगनिदान! डॉक्टर पेशंटला तपासतो तसं अडचणीतल्या माणसाचं घर, शेजार, नोकरी, नातेवाईक सगळं नीट समजून घ्यायचं, सरसकट उपदेश करायचा नाही, असा त्यांचा आग्रह. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. पुढे अशा संस्थांतून शिकलेल्यांच्या तोंडून हा शब्द आमच्यासारख्या न शिकलेल्यांपर्यंत आला. बाईंच्या मनात माणूस समजून घेणंच होतं. आमच्या जिभेवर येईपर्यंत माणूस गळाला आणि केस राहिली.

गळण्यावरून आठवलं, आपल्या मराठीत तिसरे केस आहेतच की! संस्कृत ‘केश’वरून आलेले, डोक्यावरचे. त्यांची गंमत अशी की, ते पुल्लिंगी आणि कोर्टातली ती स्त्रीलिंगी. ‘केस केले’ म्हटलं तर वेणीफणी झाली आणि ‘केस केली’ म्हटलं तर वकील झाला. आमच्या शेजारच्या आजींना कमी ऐकू येतं. कुणीतरी सांगितलं, “धाकट्या सुनेने केस केली.” आजी म्हणाल्या, “बरं केलं, फार दिवस विस्कटलेलेच होते.” सगळ्या हसल्या, पण मला वाटलं, आजी काही अगदीच चुकीचं बोलल्या नाहीत.

आणि आपला जुना मराठी शब्द कुठला? खटला. ‘आमचं बारा माणसांचं खटलं’ म्हणजे भलंमोठं कुटुंब आणि कोर्टात चालतो तो खटला! संसार आणि कोर्ट एकाच शब्दात बसवायला मराठी माणूसच पाहिजे. दुसरा शब्द दावा. अरबीतून आलेला दावा म्हणजे हक्क सांगणं आणि गोठ्यातलं दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी. हे दोन शब्द मुळात अगदी निराळे. पण प्रत्यय लागला की दोघांचंही ‘दाव्याला’ होतं. दाव्याला बांधलेली आणि दाव्याला उभी राहिलेली, यातला फरक ऐकून नाही कळत, बघूनच कळतो.

हे सगळं मी वाचत, शोधत होते तेव्हा मनात ती बाजाराची पिशवी घेतलेली बाईच होती. तिचं नाव-गाव मला माहीत नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि संक्रांतीनंतरच्या बाजारात ती पुन्हा आली. या खेपेला मी फोन पर्समध्ये बंद करून ठेवला. तिने पिशवीतून एक उशीचा अभ्रा काढला, फुलाफुलांचा, उसवलेल्या कडेचा. त्यात घडी करून ठेवलेले कागद होते: लग्नपत्रिका, मुलाचा जन्मदाखला, आणि सरकारी दवाखान्याचे दोन केस पेपर. घरात कपाटाची किल्ली सासूकडे, पेटी नवऱ्याची. स्वतःची म्हणावी अशी जागा उशीच्या आतली.

पहिला केस पेपर ती आमच्याकडून निघून गेली त्याच आठवड्यातला होता. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘हिस्टरी ऑफ फॉल’. “मीच सांगितलं, मोरीत पडले म्हणून,” ती म्हणाली. “ते शेजारीच उभे होते ना.” दुसरा त्यानंतर दोन महिन्यांचा. त्या वेळी ती एकटी गेली होती. हाताला टाके घालताना तिने नर्सला खरं काय ते सांगितलं आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं.

मैत्रिणींनो, एवढं मात्र नीट लक्षात ठेवा. मार लागल्यावर दवाखान्यात ‘पडले’ असं सांगू नका. जे घडलं ते सांगा, ते केस पेपरवर लिहून घ्या आणि तो कागद जपा. पुढे कोर्टात जायचं की नाही हे नंतर ठरवता येतं, पण कागद मागच्या तारखेचा मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात अर्ज केला म्हणजे लगेच नवरा तुरुंगात गेला, असं होत नाही. मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम हे आधी मागता येतं. कोर्टाने दिलेला संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे न बघता. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा.

हे सगळं मी तिलाही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे केसच ना?” मी म्हटलं, “हो, केसच. पण तुमची. तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्ही म्हणाल तेवढीच.” त्या दिवशी ती काहीच न ठरवता गेली. पण जाताना पाणी प्यायली.

अर्ज झाला तो उन्हाळ्यात. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय. तिला चौदा महिने लागले. त्यातले कितीतरी बाजार मी तिच्याबरोबर कोर्टाच्या बाकड्यावर काढले. साक्षीच्या दिवशी मूळ कागद दाखवायची वेळ आली, तेव्हा तिने तोच अभ्रा पिशवीतून काढला. कारकुनाने दुसरा केस पेपर दोन बोटांनी उचलून नाक मुरडलं, कारण कागदाला खोबरेल तेलाचा वास येत होता आणि मधोमध मोठा डाग पडला होता. एवढे महिने तो तिच्या डोक्याखाली होता. कारकुनाने तो उजेडात धरून पाहिला. तारीख, नंबर आणि डॉक्टरांचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.